वहीतली खूण

"ही झालीय माझी," असं म्हणून त्या आजोबांनी वही मिटली.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. केंब्रिजच्या जीझस ग्रीनवर बिअर महोत्सवाचा भलामोठा तंबू पडतो, तिथे मी दुपारच्या पाळीला होते. दुपारी गर्दी नसते. तुडवलेल्या गवताचा ओला वास, त्यात सांडलेल्या बिअरचा आंबूसपणा, आणि टेबलांवर निवृत्त मंडळी, यादी समोर पसरून पेन्सिलीने खुणा करत बसलेली. हे आजोबा सत्तरीच्या पुढचे. खिसेच खिसे असलेलं जॅकीट, खांद्याला पिशवी, पिशवीत छोट्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या नीट उभ्या रचलेल्या. "वेगळं काही आहे का?" असं त्यांनी विचारलं, आणि मला वाटलं की शिफारस मागताहेत. माझ्या अंगात उत्साह संचारलेला, कारण पाळी सुरू होताना मी विस्बीच गावच्या एल्गुड्स ब्रुअरीची 'ब्लॅक डॉग' चाखली होती. माइल्ड जातीची, ३.६ टक्क्यांची, साधी काळसर बिअर. पण त्या दिवशी ते पिंप असं काही जमून आलं होतं की विचारू नका. आधी भाजलेल्या धान्याचा खरपूसपणा, मग जळक्या साखरेची कडवट गोडी, आणि घोट खाली उतरला की मागे काही नाही, तोंड स्वच्छ. मी भरभरून वर्णन केलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं, वहीची पानं उलटली, एका ओळीवर बोट टेकवलं आणि ते वाक्य बोलले. मी विचारलं, "मग आवडली होती का?" त्यांनी वही पुन्हा उघडून खरोखरच बघितलं. नव्वदच्या दशकातली तारीख होती, गाव होतं, पबचं नाव होतं, अनुक्रमांक होता आणि पुढे बरोबरची खूण. "ते मी लिहीत नाही," ते म्हणाले. मग वेल्समधल्या कुठल्याशा नव्या ब्रुअरीची अर्धा पाइंट घेतली, त्यातली निम्मी तिथेच बाटलीत ओतली, बाटलीला चिठ्ठी चिकटवली आणि उरलेली उभ्या उभ्या संपवली.

मला ते दिवसभर खुपत राहिलं.

इकडे या मंडळींना टिकर म्हणतात. आयुष्यात जितक्या म्हणून वेगवेगळ्या बिअर चाखता येतील तितक्या चाखायच्या आणि वहीत खूण करायची, हा छंद. एका दिवसात पोटात मावणार किती, म्हणून त्या बाटल्या. उरलेलं काम रात्री घरी किंवा परतीच्या गाडीत. आजोबांचा अनुक्रमांक पाच आकडी होता. बहुतेक सगळे पुरुष, बहुतेक एकेकटे, आणि कुठल्या आडगावच्या पबला कुठली बस किती वाजता सुटते हे तोंडपाठ. महोत्सवातले बाकीचे लोक त्यांची थोडी टिंगल करतात, आणि खरं सांगायचं तर मीही करत आले. एवढं चाखायचं आणि कसं लागलं ते लिहायचंच नाही? आमच्या घरी आमटी पानात पडल्यावर "कशी झालीय?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय दुसरी वाटी मिळत नसे.

मी या तंबूत कशी, हे आईला सांगितलेलं आहे. तिने ते आपल्या पद्धतीने लावून घेतलंय. मिरजेच्या नातेवाइकांना ती सांगते, "आमची ही तिकडे एका महोत्सवात सेवा देते." यात खोटं काही नाही. तोटीपाशी उभे असलेले आम्ही सगळे बिनपगारी स्वयंसेवक असतो. टीशर्ट मिळतो, जेवण मिळतं आणि थोडी चाखायला मिळते. पण आमच्या घरात दारू म्हणजे दारू. बिअर, वाइन, देशी, सगळं एकाच कपाटात, आणि ते कपाट आमच्या घरात नाही. पहिल्या वर्षी फोनवर झालेलं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. "अगं, पण तू पितेस का?" "चाखते." "चाखते म्हणजे?" "आई, ग्लासावर तीन रेघा असतात. सगळ्यात खालच्या रेघेपर्यंत घेते." "किती होतं ते?" "पाइंटचा तिसरा हिस्सा. दोनशे मिलीसुद्धा नाही." ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे चहाच्या मगाएवढं." "हो." "मग बरं."

या पिंपातल्या बिअरचं एक वेगळंच प्रकरण आहे, आणि ते जवळून बघितल्याशिवाय मला तिची गोडी लागली नसती. ब्रुअरीतून ती निघते तेव्हा पूर्ण झालेली नसते. यीस्ट जिवंत असतं, पिंपातच ती दुसऱ्यांदा आंबते. तंबूत पिंपं आडवी रचतात. फर्किन म्हणजे नऊ गॅलनचं पिंप, ७२ पाइंट. एकदा मांडलं की हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकली की आतला वायू फसफसत बाहेर येतो आणि खुंटीभोवती फेसाचा मळकट पांढरा गोळा जमतो. तो पुसायचा, पुन्हा जमतो, पुन्हा पुसायचा. फेस दमला की मऊ खुंटी काढून टणक खुंटी. तोटी बसवायची ती लाकडी हातोड्याच्या एका घावात. हात चाचरला तर बिअर थेट तोंडावर. ते काम जुनी माणसं करतात. एक बाई आहेत, ठेंगण्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. त्या तोटी डाव्या हातात धरतात, पिंपाकडे बघतसुद्धा नाहीत, कोणाशी तरी बोलता बोलता एक घाव घालतात आणि पुढच्या पिंपाकडे जातात. थेंब सांडत नाही. आम्ही नवखे फक्त देणारे. देतानाही वरची खुंटी सैल करायची, नाहीतर आत हवा शिरत नाही आणि तोटी गुळगुळ करत अडते.

गाळ लवकर बसावा म्हणून पिंपात माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला द्रव घालतात, आयझिंग्लास. हे कळलं तेव्हा मी हातातला ग्लास खाली ठेवला होता. २०२१ साली पालघरकडच्या कोळ्यांच्या जाळ्यात एका फेरीत १५७ घोळ मासे लागले आणि त्यांचे सव्वा कोटीच्या वर आले, ती बातमी आठवत असेल. तो भाव माशाच्या मांसाला नव्हता, पोटातल्या बोताला होता. तोच हा अवयव. आता काही ब्रुअर तो न घालता बिअर गढूळच देतात आणि कार्डावर अभिमानाने 'व्हेगन' लिहितात. मी काणाडोळा करायला शिकले. हे मात्र आईला सांगितलेलं नाही.

तोटी उघडली की घड्याळ सुरू होतं. जितकी बिअर बाहेर तितकी हवा आत, आणि दोन-चार दिवसांत चव उतरायला लागते, मग आंबट. त्यामुळे इथली शिफारस फार अल्पायुषी असते. सोमवारी संध्याकाळी तंबू उघडतो, शनिवारी रात्री मिटतो, आणि मधल्या दिवसांत पिंपांवर 'संपली'ची कार्डं वाढत जातात. मंगळवारी जी बिअर कोवळी, जरा अंगावर येणारी लागते, ती बुधवारी गोल होते. गुरुवारी तुम्ही मित्राला हाताला धरून घेऊन येता तर पिंप कलतं करून शेवटचे ग्लास भरणं चाललेलं असतं. तीच बिअर नदीपलीकडच्या पबमध्ये घ्याल तर तिथला तळघर सांभाळणारा वेगळा, नळ्या कधी धुतल्या ते त्यालाच ठाऊक, चव तिसरीच. शनिवारी संध्याकाळी तर शिफारस वगैरे कोणी मागतच नाही. माणसावर माणूस, चीजच्या ठेल्यापुढे स्टिल्टनसाठी रांग, आणि कुणाच्या हातून ग्लास पडून फुटला की सगळा तंबू एका आवाजात आरोळी ठोकतो. ज्याचा फुटला तो वाकून अभिवादन करतो.

गिऱ्हाइकं काय काय मागतात! "जरा हलकं काहीतरी." "कडू नको, पण गोडही नको." "आमच्या यांना लागरसारखं लागेल असं." आणि एक जात अशी की जी मला काही विचारत नाही, सांगते. माझ्या रंगाकडे बघून आयपीएची गोष्ट. हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजातून बिअर जायची, वाटेत नासायची, मग कुणीतरी शक्कल लढवून हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, वाढवले, मद्यार्क वाढवला, आणि इंडिया पेल एल जन्माला आली. गोष्ट छान आहे. फक्त ती तशी घडलेली नाही. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची ब्रुअरी गोदीजवळ होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना तो उधारीवर माल द्यायचा, म्हणून त्याची बिअर जास्त गेली. काळी पोर्टरही त्याच जहाजांतून व्यवस्थित पोचत होती, आणि साधे सोल्जर तीच पीत. पण मी वाद घालत नाही. "हो का?" म्हणते आणि तोटी उघडते. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

हा सगळा खटाटोप कॅमरा, म्हणजे 'कॅम्पेन फॉर रिअल एल', नावाच्या संघटनेचा. १९७१ साली आयर्लंडच्या केरी परगण्यात सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी ती काढली, कारण मोठ्या कंपन्या पिंपं मोडीत काढून गाळलेली, वायू भरलेली केगची बिअर देशभर रेटत होत्या. केंब्रिजचा महोत्सव १९७४ पासूनचा, कोविडचा काळ सोडला तर सलग. आता गंमत अशी झालीय की नव्या पिढीच्या क्राफ्ट ब्रुअऱ्या आपली उत्तमातली उत्तम बिअर केगमध्येच भरतात, आणि जुनी मंडळी केग म्हटलं की नाक मुरडतात. संघटनेने सगळ्याच चांगल्या बिअरवाल्यांना आपलं म्हणावं, असा ठराव २०१८ साली आला. ७५ टक्के मतं हवी होती. ७३च्या किंचित खाली अडला. आमच्या तंबूत त्यावर अजून रागाने बोलतात. एक जण म्हणतो शुद्धता गेली, दुसरा म्हणतो तुमच्या शुद्धतेपायी तरुण पोरं यायची थांबतील. घराण्यांवरची भांडणं ज्यांनी लहानपणी ऐकलीत त्यांना हा सूर लगेच ओळखू येतो.

आमच्या अण्णामामांना नक्कीच आला असता.

मामांना सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. गाणं तेवढं होतं. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असायचं, ते मामांनी कधी चुकवलं नाही, आणि डिसेंबरात पुण्याला सवाई. रमणबागेच्या पटांगणात सतरंजी, कानटोपी, मामीने दिलेला थर्मास आणि शंभर पानी वही. मी दोनदा की तीनदा त्यांच्याबरोबर गेले असेन, तेव्हा तो रात्र रात्र चालायचा. गाण्यातलं मला फार कळत नव्हतं; मला आठवतात ते पहाटेचे गारठलेले पाय, शेजारच्या सतरंजीवरून येणारा स्वेटरांचा डांबरगोळ्यांचा वास, आणि अगदी शेवटी सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातली भैरवी लावत तेव्हा एकाएकी गप्प झालेलं पटांगण. मध्यंतरात चहाच्या ठेल्यापाशी जाणती माणसं एकमेकांना गाठून सांगायची, "काल यायला हवं होतंत. काल काय मारवा झाला!" म्हणजे शिफारस कशाची, तर जे आता कुठेच मिळणार नाही त्याची. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा आणि सांगणारा तृप्त व्हायचा. जीझस ग्रीनवर हेच वाक्य मी पोर्टरच्या बाबतीत किती वेळा ऐकलंय! दर्दी माणसाला सगळ्यात आवडणारी शिफारस हीच असावी, समोरच्याला अमलात न आणता येणारी.

मामा गेल्यावर त्या वह्या मी चाळल्या. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. तारीख, जागा, गाणाऱ्याचं नाव, राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. 'पूरिया. विलंबित एकताल. मग द्रुत. मग भजन.' कुठेही 'छान' नाही, 'अप्रतिम' नाही, 'बेताचं' नाही. एका पानाच्या समासात फक्त 'दिवे गेले' एवढं लिहिलेलं, आणि त्याच्या पुढच्या ओळीत राग चालूच. दिवे गेल्यावरही गाणं थांबलं नव्हतं, एवढं त्यातून कळतं. कसं झालं ते मामा घरीही सांगत नसत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना न्हाणीघरातून एखादी ओळ ऐकू यायची, अर्धवट, त्यावरून आम्ही काय ते ताडायचं.

तेव्हा आजोबांच्या नुसत्या खुणेवर चिडायचा मला काही अधिकार नाही, असं मी स्वतःशी म्हणून पाहिलं. काही दिवस ते पटलंही. मग एकदा रात्री भांडी घासताना लक्षात आलं की माझा सल वेगळाच आहे. कशी लागली हे त्यांनी लिहिलं नाही याचं मला वाईट वाटलेलं नाहीच. वाईट वाटलंय ते 'झालीय माझी' याचं. मामांच्या वह्यांत मारवा पानापानांवर आहे. मारवा 'झालाय माझा' असं ते कधी म्हणाले नसते. तो पुन्हा आहे म्हणूनच तर एसटीने रात्रभर धक्के खात पुण्याला जायचं. आणि पिंपातली बिअर ही तर अशी वस्तू की सोमवारची मंगळवारी राहत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी पबमधल्या, कुणी तरी वेगळ्याने सांभाळलेल्या पिंपातली ती 'ब्लॅक डॉग' आणि माझ्यासमोरची ही, यांत नाव सोडून सारखं काय होतं? ती झाली असेल. ही कुठे झाली होती?

पण मग हेही खरं की त्यांच्यासारखे लोक नसते तर त्या वेल्सच्या नव्या ब्रुअरीचं पिंप मंगळवारी दुपारी कोणी उघडायला लावलं नसतं. ज्या बिअरचं नाव कुणी ऐकलेलं नाही ती पहिल्यांदा मागणारा माणूस टिकरच असतो. आम्ही आवडनिवड असलेले लोक आपल्या आवडीच्या पिंपापाशी घुटमळत राहतो. सत्तरीनंतर पाठीला पिशवी लावून अनोळखी गोष्टीमागे बसने हिंडायचं, याला काहीतरी लागत असणारच, आणि ते माझ्यात आहे की नाही याची मला खात्री नाही.

अण्णामामांचा मुलगा अभय पुण्यात असतो. वह्या त्याच्याकडेच आहेत, माळ्यावर. गाण्याकडे तो वळला नाही, बिअरकडे वळला. २००९ साली डूलाली सुरू झाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, तेव्हापासून तो या नादात. मग मुंढव्याची इंडिपेन्डन्स, मग ग्रेट स्टेट, असं करत आता त्याच्या फोनवर सगळा हिशेब आहे. अ‍ॅपमध्ये बिअरचा फोटो, पाचपैकी तारे, तेही पाव पाव ताऱ्याच्या हिशेबाने, आणि दोन ओळी शेरा. रात्री-अपरात्री मला फोटो येतात: '३.७५. वास मस्त, शेवट जरा पाणचट.' त्याचे शेरे खरंच चांगले असतात, बापाने जे कधीच लिहिलं नाही ते सगळं हा लिहितो. फक्त साडेतीनच्या खालचं तो मागवतच नाही. आणि त्या ताऱ्यांच्या बाजारात भाव खातात त्या दहा-बारा टक्क्यांच्या जाड काळ्या स्टाऊट, आंब्याच्या गरासारख्या गढूळ आयपीए. एका घोटात डोळे विस्फारतील अशा. माइल्डचा तिथे काय पाड? ती बिअर पहिल्या घोटाला काही बोलतच नाही. कारखान्यातून, खाणीतून दमून आलेल्या माणसाने एकामागून एक तीन ग्लास प्यावेत म्हणून केलेली ती. दुसऱ्या ग्लासाच्या मध्यावर कुठे कळतं की आपण मजेत आहोत. अभयच्या यादीत ती कधी यायचीच नाही. आजोबांच्या वहीत निदान तिला जागा आहे, सगळ्यांना मिळते तेवढीच, एक ओळ आणि एक खूण.

येत्या मे महिन्यात ऑफिसच्या कामाने अभय इकडे येतोय. महोत्सवाच्या आठवड्यात येता येईल असं त्याने जमवलंय. परवा त्याचा मेसेज आला: 'ताई, टॉप टेनची यादी पाठव, आधीच मार्क करून ठेवतो.' मी लिहिलं की यादी आत्ता नसतेच, पिंपं यायची असतात, आलेली बसायची असतात. तू मंगळवारी दुपारी ये, शनिवारी येऊ नकोस. आल्यावर त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना विचार आज काय जमलंय, आणि त्या माइल्ड म्हणाल्या तर तोंड वाकडं न करता घे. आधी तिसरा हिस्सा नको, सरळ अर्धा घे.

निळ्या खुणा लगेच दिसल्या. मग उत्तर आलं: 'ओके. पण रेटिंग किती आहे तिचं?'

'मंगळवारी कळेल,' मी लिहिलं. 'जाकीट आण, तंबूत गारठा असतो.'